जे मिळाले, तेच लिहावे

(एका ग्रामीण महाविद्यालयातील रसायनशास्त्र विभागाच्या नूतनीकृत प्रयोगशाळेचे उद्घाटन नुकतेच झाले. त्या प्रसंगी विभागातील एका निवृत्त प्राध्यापकांनी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



याच इमारतीत मी चौतीस वर्षे शिकवले. आज नवी टेबले, नवे नळ, धूर खेचून घेणारी नवी कपाटे पाहून मन भरून आले. ज्यांनी या कामी द्रव्यसाहाय्य केले, त्यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही. उद्घाटनाच्या प्रसंगी वास्तूचे कौतुक करावे, अशी रीत आहे. ते माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मी आपल्यापुढे एकच प्रश्न ठेवणार आहे. रसायनशास्त्राच्या पदवीसाठी विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत का उभे करायचे? पुस्तकात सारे छापलेले असताना, तेच पुन्हा परीक्षानळीत करून पाहण्याचे प्रयोजन काय?

या प्रश्नाचे उत्तर मला माझ्या गुरुजींनी दिले, तेही शिक्षेच्या रूपाने. मी तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षात होतो. दिलेला सेंद्रिय पदार्थ ओळखायचा आणि त्याचा द्रवणांक काढायचा, असा प्रयोग होता. घाईत माझ्या हातून थर्मामीटर फुटला. डिपॉझिटमधून पैसे कापले जातील, या भीतीने मी काचा कोपऱ्यात सारल्या आणि पारा मोरीत ढकलला. पदार्थ बेन्झोइक आम्ल आहे, हे साऱ्या बॅचला ठाऊक होते. पुस्तकात पाहिले आणि वहीत लिहून टाकले : द्रवणांक १२२ अंश सेल्सिअस.

गुरुजींनी वही पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “थर्मामीटर घेऊन ये.” मी मान खाली घातली. त्यांनी आवाज चढवला नाही. आधी सांडलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड कशी टाकायची ते दाखवले, मग स्वतःच्या कपाटातला थर्मामीटर माझ्या हाती दिला. सारे घरी गेल्यावर मी प्रयोग पुन्हा केला. उत्तर आले ११४. मला रडू कोसळले. गुरुजींनी मात्र ११४ खोडू दिले नाही. ते म्हणाले, “अरे, १२२ हा आकडा पुस्तकाचा आहे. ११४ तुझा आहे. तुझे स्फटिक ओले आहेत, नीट धुतलेले नाहीत, हे ११४ सांगते. १२२ मला काहीच सांगत नाही.”

मित्रहो, पदार्थात अशुद्धी किंवा ओल असली की द्रवणांक खाली येतो, हे मी त्याआधी दहा वेळा पाठ केले होते. ते समजले त्या संध्याकाळी. जे मिळाले तेच लिहावे आणि ते तसेच का मिळाले याचा शोध घ्यावा, हा प्रयोगशाळेचा पहिला आणि शेवटचा धडा आहे.

हात आणि बुद्धी

हा धडा आपल्याला परका नाही. आपल्या रसशास्त्राच्या ग्रंथांत ‘रसरत्नसमुच्चय’ हा महत्त्वाचा ग्रंथ. त्यात रसशाळा कोठे असावी, कशी असावी, तिच्यात कोणती उपकरणे असावीत, याचे तपशीलवार वर्णन आहे. दोलायंत्र, पातनयंत्र, नाना प्रकारच्या मुशी यांची माहिती आहे. ‘रसेंद्रचिंतामणी’चा कर्ता तर स्पष्ट सांगतो की, विद्वानांच्या मुखातून पुष्कळ ऐकले, शास्त्रांतही पुष्कळ पाहिले, परंतु स्वतःच्या हाताने जे केले नाही ते मी येथे लिहिलेले नाही. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहावा, असा हा विचार आहे.

मग ही परंपरा खंडित का झाली? हा प्रश्न आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी विचारला. ‘हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास’ हा त्यांचा ग्रंथ दोन खंडांत, १९०२ आणि १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्यात आपल्या पूर्वजांच्या कर्तृत्वाचा सार्थ अभिमान आहे. पण त्याच ग्रंथात त्यांनी आपल्या समाजाला कठोर शब्दही सुनावले आहेत. बुद्धिजीवी वर्गाने हाताच्या कामाकडे पाठ फिरवली, कारागिरी जातींच्या कप्प्यांत बंद झाली आणि ‘का’ व ‘कसे’ हे प्रश्न विचारणारे मन कामाच्या जागेपासून तुटले, असे त्यांचे निदान आहे. धातू वितळवणारा हात एकीकडे आणि विचार करणारी बुद्धी दुसरीकडे, अशी फारकत झाली. पूर्वजांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हे निदानही तितक्याच मनःपूर्वक वाचले पाहिजे. कारण ती फारकत आजही संपलेली नाही. आमच्या प्रयोगशाळेत कोणती बाटली कोठे आहे, कोणते द्रावण उतरले आहे, हे सर्वांत आधी आमच्या परिचरांना कळत असे. ते दहावीही झालेले नव्हते. पदवीधर होऊन बाहेर पडलेल्या किती मुलांना ते जमत असे, हे मी सांगत नाही.

निळीचा धडा

प्रयोगशाळेतले शिक्षण ही चैनीची गोष्ट आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी इतिहासातील एक प्रकरण सांगतो. १८२४ साली युस्टुस लिबिग नावाचा अवघ्या एकवीस वर्षांचा तरुण जर्मनीतील गीसन या लहानशा विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्या काळी रसायनशास्त्र बहुधा व्याख्यानातून शिकवले जाई. प्रयोग प्राध्यापक करी आणि विद्यार्थी पाहात. लिबिगने ही रीत मोडली. त्याने विद्यार्थ्यांनाच टेबलापाशी उभे केले आणि ओळख न सांगता नमुने हाती देऊन ते शोधून काढायला लावले. आज जगभरच्या विद्यापीठांत पदवीची जी प्रात्यक्षिके चालतात, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी तेथे आहे.

लिबिगचा शिष्य हॉफमन लंडनला गेला. त्याच्याकडे शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ च्या ईस्टरच्या सुट्टीत घरच्या खोलीत क्विनाइन तयार करण्याचा प्रयत्न केला. क्विनाइन मिळाले नाही, काळा गाळ मिळाला. पर्किनने तो तसाच फेकून दिला नाही. अल्कोहोलने धुताना त्यातून जांभळा रंग सुटला, तो त्याने पाहिला आणि त्याचा पाठपुरावा केला. कृत्रिम रंगांचा उद्योग तेथून उभा राहिला.

लिबिगचा दुसरा शिष्य केकुले आणि केकुलेचा शिष्य अॅडॉल्फ फॉन बायर. या बायरने १८८० साली प्रयोगशाळेत नीळ बनवली. ती कारखान्यात परवडेल अशा रीतीने बनवायला आणखी सतरा वर्षे लागली. असे सांगतात की, त्या खटपटीत नॅप्थलीन तीव्र गंधकाम्लाबरोबर तापवत असताना एका जर्मन रसायनतज्ज्ञाचा थर्मामीटर फुटला, पारा मिश्रणात पडला आणि प्रक्रिया एकदम सुलभ झाली. त्याने काचा कोपऱ्यात सारल्या नाहीत; काय घडले ते नोंदवले. पारा या प्रक्रियेला गती देतो, हे त्यातून उमगले. १८९७ साली जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली आणि बिहार-बंगालमधील निळीचा व्यापार काही वर्षांत कोसळला. गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने रयतेच्या माथी मारला. १९१७ चा चंपारण सत्याग्रह आपण सारे जाणतो. त्याच्या मुळाशी असलेल्या दुःखाचा एक धागा असा जर्मनीतील विद्यार्थ्यांच्या टेबलापर्यंत जातो. ज्या देशाच्या नावावरून नीळ जगात ‘इंडिगो’ म्हणून ओळखली गेली, त्या देशाच्या शेताला एका प्रयोगशाळेने हरवले.

आपल्याकडे हे ओळखणारी माणसे होती. आचार्य राय एडिनबरोहून डॉक्टरेट घेऊन परतले आणि १८८९ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात रुजू झाले. मोठे संशोधक असूनही ते खालचे वर्ग आवडीने शिकवीत. कोवळ्या मनाला आकार देता येतो, ही त्यांची धारणा होती. हाडे जाळून झालेली राख वर्गात तोंडात टाकून, हा आता केवळ एक क्षार आहे, हे त्यांनी मुलांना पटवून दिले. अल्पशा भांडवलावर त्यांनी जो औषधनिर्मितीचा उद्योग आरंभला, तो १९०१ साली ‘बेंगॉल केमिकल’ या कंपनीच्या रूपाने उभा राहिला. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी ज्ञानचंद्र घोष पुढे खरगपूरच्या आयआयटीचे पहिले संचालक झाले.

मुंबईत त्रिभुवनदास गज्जर होते. चापेकर बंधूंनी १८९६ साली मुंबईतील राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याला डांबर फासले, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. तो डाग कोणाला निघेना. तो काढून दाखवला रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या गज्जरांनी. डांबर फासणाऱ्यांच्या बाजूने आपले मन उभे राहते, हे मी नाकारत नाही. पण या माणसाने पुढे काय केले, तेही पाहावे. गिरगावात त्यांनी स्वतःची तंत्र-रासायनिक प्रयोगशाळा चालवली, तेथे तरुणांना हाताने काम करायला शिकवले आणि १९०७ साली बडोद्यात गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या गुरु-शिष्यांच्या प्रयत्नांतून अलेम्बिक हा स्वदेशी रसायन कारखाना उभा राहिला. स्वदेशीची घोषणा सभेत होत असे. स्वदेशी माल अशा टेबलांवर तयार झाला.

एका थेंबाची गोष्ट

आता आपल्या टेबलाकडे येऊ. पदवीच्या पहिल्या वर्षाचे साधे अनुमापन घ्या. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण, फ्लास्कमध्ये आम्ल आणि दर्शक म्हणून फिनॉल्फ्थॅलिन. थेंबथेंब द्रावण सोडायचे, फ्लास्क हलवीत राहायचे. एका थेंबाने रंगहीन द्रावणाला फिकट गुलाबी छटा येते; ती अर्धा मिनिट टिकली पाहिजे. एक थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिलिलिटर. गडद गुलाबी रंग आला तर समजावे, पुढे गेलात, पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा करायचे आणि जवळपास सारखे आकडे मिळाले तरच उत्तर मानायचे.

या एका प्रयोगात किती शिक्षण आहे! हाताचा संयम आहे, डोळ्याची सावधता आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड हळूच द्रावणात शिरून रंग घालवतो, हे कळते. सोडियम हायड्रॉक्साइड नुसते तोलून चालत नाही, ते हवेतील ओल आणि वायू शोषून घेते, म्हणून त्याचे प्रमाण ऑक्झॅलिक आम्लाशी ताडून पाहावे लागते, हेही कळते. आणि तिसरा आकडा पहिल्या दोहोंशी जुळला नाही, तर काय करायचे, हा शीलाचा प्रश्न त्याच क्षणी विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. कोणी पाहात नाही. आकडा बदलायला एक पेन पुरते.

मित्रहो, येथे मला कबुली द्यायची आहे. आपल्या महाविद्यालयांत प्रात्यक्षिकांचे काय झाले आहे, हे पालकांना क्वचितच ठाऊक असते. एका बॅचमध्ये मुले जास्त, उपकरणे कमी. म्हणून चौघांत एक प्रयोग करतो, तिघे आकडे उतरवतात. काही ठिकाणी प्राध्यापकच प्रयोग करून दाखवतात. गेल्या वर्षीचे जर्नल यंदा उतरवले जाते. उत्तर आधी ठरते आणि ब्युरेटचे आकडे त्यावरून उलटे काढले जातात. २०२० आणि २०२१ च्या साथीच्या काळात प्रात्यक्षिके पडद्यावर पाहावी लागली. तो नाइलाज होता. पण संगणकावरील आभासी प्रयोगशाळा पूर्वतयारीसाठी चांगली असली, तरी तेथे थर्मामीटर फुटत नाही आणि स्फटिक ओले राहात नाहीत.

आणि या साऱ्यात मी निर्दोष नव्हतो. वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षेत बाहेरचे परीक्षक येण्यापूर्वी आज कोणते ‘सॉल्ट’ आहे, ते मुलांच्या कानी जाई. मला ते ठाऊक असे. गरिबाघरची मुले आहेत, वर्ष वाया जाऊ नये, असे म्हणून मी डोळेझाक केली. ती मला दया वाटत होती.

माझा एक विद्यार्थी कोकणातील एका रसायन कारखान्यात कच्च्या मालाच्या तपासणीच्या विभागात लागला. पहिल्याच महिन्यात एका रात्री त्याचा फोन आला. फाटकाशी ट्रक उभा होता, माल तातडीने हवा होता आणि वरिष्ठ म्हणाले होते, आकडा लिहून टाक, तपासणी उद्या कर. “सर, काय करू?” असे त्याने विचारले. मी म्हणालो, “आधी तपास, मग लिही.” तो क्षणभर थांबला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, परीक्षेत आम्हाला सॉल्ट आधीच कळायचे. तेव्हा हे चूक आहे, असे कोणी म्हटले नव्हते.”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्याने मात्र नमुना तपासला. ट्रक दोन तास उभा राहिला, बोलणी त्याला खावी लागली. नमुना निर्दोष निघाला. पण तो निर्दोष आहे हे त्या रात्री कारखान्याला कळले. एरवी ते नुसते कागदावर लिहिलेले असते. माझ्याकडून जे शिकायचे राहिले, ते तो मुलगा स्वतः शिकला.

सहीची किंमत

एका आकड्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्या प्रकरणाची चौकशी केली. हे द्रव्य ग्लिसरीनसारखेच रंगहीन, घट्टसर आणि गोडसर असते. डोळ्यांना ओळखता येत नाही. प्रयोगशाळेत मात्र ते सापडते. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, २०२५ साली, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. विष तेच होते.

अशा घटनांत दोष अनेकांचा असतो : लोभाचा, देखरेखीचा, कायद्याच्या ढिलाईचा. तो सारा भार मी एखाद्या तरुण पदवीधराच्या माथी मारणार नाही. पण कच्च्या मालाच्या पिंपापासून बाळाच्या चमच्यापर्यंतच्या वाटेवर कोठेतरी एक टेबल असते, टेबलापाशी रसायनशास्त्र शिकलेला एक मुलगा किंवा मुलगी असते आणि तिची सही असते. ती सही खरी असेल का, हे पदवीच्या पहिल्या वर्षी ब्युरेटसमोर ठरू लागते. तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ येथील कारखान्यांत आपलीच मुले काम करतात. देश जगाचे औषधालय व्हावा, असे आपण म्हणतो. ते या सह्यांवर अवलंबून आहे.

काय करता येईल

केवळ खंत व्यक्त करून मी थांबणार नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आता श्रेयांकांची पद्धत आली आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास धरले, तर दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमासाठी सत्रात साठ तास होतात. हे साठ तास प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हाताला मिळाले पाहिजेत. त्यासाठी काही साध्या सूचना करतो.

पहिली : उत्तर माहीत नसलेले नमुने द्या. मुलांनी आपापल्या गावच्या विहिरीचे, बोअरवेलचे पाणी आणावे आणि त्याचा कठीणपणा ईडीटीएच्या अनुमापनाने काढावा. दर्शकाचा रंग लालसरवरून निळा होईल, तेव्हा जो आकडा मिळेल तो कोणत्याही पुस्तकात नसेल. ५० मिलिलिटर पाण्याला ०.०१ मोलरचे द्रावण २० मिलिलिटर लागले, तर कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. हा आकडा घेऊन मुलगी ग्रामपंचायतीत जाईल, तेव्हा ती खोटा आकडा नेणार नाही. कारण ते पाणी तिची आई पिते.

दुसरी : जर्नल घरी नव्हे, प्रयोगशाळेतच आणि पेनानेच लिहावे. खोडलेला आकडा वाचता येईल असा खोडावा. चुकलेला पण खरा आकडा आणि त्याचे कारण लिहिणाऱ्यास पूर्ण गुण द्यावेत.

तिसरी : फुटलेल्या काचेचा दंड रद्द करावा. त्यासाठी हितचिंतकांनी छोटा निधी उभारावा. जे मूल काच फुटली हे सांगायला घाबरते, ते उद्या कारखान्यातील गळतीही सांगायला घाबरेल.

चौथी : सूक्ष्म प्रमाणावरील प्रयोग स्वीकारावेत. त्यात रसायने थोडी लागतात, सांडपाणी कमी होते आणि त्याच खर्चात प्रत्येकाला स्वतंत्र संच देता येतो.

आणि शेवटची सूचना पालकांना. मुलगा किंवा मुलगी घरी आली की गुण किती मिळाले, एवढेच विचारू नका. आज हाताने काय केले, काय चुकले, ते विचारा.

ही नवी वास्तू सुंदर आहे. काही महिन्यांत टेबलांवर डाग पडतील, काचा फुटतील, मोरी रंगेल. ते व्हायलाच हवे. फक्त येथील वह्यांत एकही आकडा असा नसावा, जो कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेला नाही. माझ्या गुरुजींनी खोडू न दिलेले ११४ माझ्या त्या वहीत आजही आहे. आज ती वही मी या विभागाच्या ग्रंथसंग्रहाला देत आहे. विद्यार्थ्यांनी ती उघडून पाहावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.